फारकतीचा कागद, काटोलची बाग आणि अडलेली पोटगी

या महिन्याच्या टपालात पत्रं कमी आणि झेरॉक्स जास्त. कुणी नोटरीचा कागद पाठवला, कुणी सात-बारा, एका काकाजींनी तर अख्खं बक्षीसपत्र पाठवलं, पिनांसकट. बरं केलंत. नुसत्या हकिगतीवर सल्ला द्यायला मी नाखूश असते. घरात कोण काय बोललं ते कोर्टात सिद्ध करता करता वर्षं जातात. तुम्ही सही कशावर केली ते मात्र न्यायाधीशांना पहिल्याच पेशीला दिसतं.

विचारणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, मोहल्ले तेवढे ठेवलेत. लग्न, घटस्फोट आणि वारसा यांबद्दल खाली जे लिहिलंय ते हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी वाचकांचे त्यासाठीचे कायदे वेगळे आहेत. पोटगीचं कलम १४४ (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मात्र सगळ्यांना लागू.

प्रश्न : माझं लग्न २०१८ चं. पटलं नाही म्हणून २०२१ मध्ये दोन्हीकडची मंडळी बसली, शंभराच्या स्टँपपेपरवर फारकतनामा लिहिला, नोटरी केली, पाच जणांच्या सह्या झाल्या. तेव्हापासून आम्ही वेगळे आहोत. त्यानं दुसरं लग्न केलं, त्याला मुलगाही झाला. आता मला एक स्थळ आलंय. मुलाचे मामा म्हणतात, कोर्टाची डिक्री दाखवा. आमचा कागद चालत नाही का? (हुडकेश्वर)

नाही चालत. त्या मामांना माझा नमस्कार सांगा. या सगळ्या मंडळींत कायदा ठाऊक असलेले ते एकटेच दिसतात.

ताई, नोटरी काय करतो? अमुक माणसानं माझ्यासमोर सही केली, एवढंच तो सांगतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही, पंचांना नाही, तुमच्या-त्याच्या आईवडिलांनाही नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं. स्टँप शंभराचा असो की पाचशेचा, तुम्ही आजही त्याच्या कायदेशीर पत्नी आहात.

आता तुमच्याकडचं कुणीतरी म्हणेल, ‘आमच्या समाजात काडीमोड पहिल्यापासून चालते.’ हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. त्याच कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे. पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आलेली आहे, तिची पद्धत ठरलेली आहे, हे सगळं पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते ओझं रूढी सांगणाऱ्याच्या डोक्यावर. बैठकीत छाती ठोकून सांगणारे मामा-काका साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले की ‘आमच्या आत्याचं असंच झालं होतं’ याच्या पुढं जात नाहीत. यावर नवं लग्न बेतू नका. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

म्हणजे तुमच्या नवऱ्याचं दुसरं लग्न कायद्यानं झालेलंच नाही. त्या लेकराचा यात दोष नाही आणि कायदाही तसंच मानतो: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ते औरस आहे, बापाच्या मालमत्तेत त्याला हक्क आहे. पण नवरा स्वतः अडचणीत आहे, आणि हे त्याला कळलं की संमतीच्या अर्जावर सही करायला तो आढेवेढे घेणार नाही. ‘ही भीती दाखवून त्याच्याकडून चांगले पैसे काढा’ असं सांगणारेही तुम्हाला भेटतील. तुमच्या हक्काचं जे असेल ते जरूर मागा. धमकीची भाषा मात्र मोबाइलवर लिहून पाठवू नका, ती जशीच्या तशी कोर्टात येते.

मार्ग सरळ आहे : त्याच कायद्याचं कलम १३ब, परस्पर संमतीचा घटस्फोट. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचं त्याहून कितीतरी जास्त झालंय. तुमचा फारकतनामा इथं कामाचा : घटस्फोट म्हणून त्याची किंमत शून्य, पण २०२१ पासून वेगळे आहात याचा तो चांगला पुरावा आहे. तेव्हा रागानं फाडू नका. अर्ज दिल्यानंतर कायदा सहा महिने थांबायला लावतो. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही मुदत प्रत्येक वेळी सक्तीची नाही. अर्जाआधीच दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहिला असाल, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, पोटगी-मुलं-सामान यांचा निकाल आपसात लागलेला असेल आणि थांबण्यानं नुसता त्रासच लांबणार असेल, तर मुदत माफ करा असा अर्ज देता येतो. माफ करायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात.

तुम्ही नागपुरात राहता, त्यामुळे अर्ज इथल्या कौटुंबिक न्यायालयात करता येईल. आधी विवाह समुपदेशकांकडं पाठवतील. तिथं ‘आमचं सगळं ठरलंय’ म्हणून तोंड फिरवून बसू नका. विचारलं त्याचं सरळ उत्तर द्या. संमतीनं मिळालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे नंतरचं लग्न अडणार नाही. मात्र हुकूमनाम्याची नक्कल हाती येईपर्यंत हॉलचा ॲडव्हान्स देऊ नका.

झेरॉक्सच्या चौथ्या परिच्छेदात एक ओळ आहे : ‘लिहून देणार ही आज रोजी वा भविष्यात पोटगी मागणार नाही.’ अशी लेखी हमी दिली म्हणून पोटगीचा कायदेशीर हक्क बुडत नाही, तो करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध समजतात. त्याखालच्या ओळीत ‘सर्व दागिने मिळाले’ असंही आहे. खरंच मिळाले होते का? तुम्ही पत्रात त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. स्त्रीधन तुमचं एकटीचं. नवरा किंवा सासू ते सांभाळतात तेवढंच, मालक होत नाहीत. राहिलं असेल तर संमतीच्या अर्जातच यादी घाला.

प्रश्न : नवऱ्याचे दोन छोटे हत्ती कळमना मार्केटला भाड्यानं चालतात. कोर्टात म्हणतो गाड्या भावाच्या, मी नुसता ड्रायव्हर, महिना नऊ हजार. माझं बी.एड. झालंय, शिकवण्यांचे चार-साडेचार हजार येतात. त्याचे वकील म्हणतात शिकलेल्या बाईला पोटगी नसते. मुलगी दुसरीत आहे. (मानेवाडा)

पोटगीचा अर्ज आला की नागपुरातले कमावते पुरुष एका रात्रीत गरीब कसे होतात, हे कोडं मला वकिली सुरू केल्यापासून सुटलेलं नाही. कुणाचा पानठेला मेव्हण्याच्या नावावर जातो, कुणाची मिहानमधली नोकरी पेशीच्या आदल्या महिन्यात सुटते. न्यायाधीशही हे रोज पाहतात. धडधाकट माणसानं ‘मी कमावत नाही’ म्हटलं म्हणून जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय.

शिकलेली असणं आणि पुरेसं कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी. पदवी भिंतीवर टांगली म्हणून किराणा येत नाही. विचार होतो तो तुमची प्रत्यक्ष कमाई काय, तिच्यात तुम्ही सासरी होता तसं राहणं निभतं का, मुलीमुळे पूर्ण वेळ नोकरी शक्य आहे का, याचा. पण शिकवण्यांचे पैसे लपवू नका, हे बजावून सांगते. साडेचार हजारांपायी खोटं सापडलं की त्याच्या दोन गाड्यांबद्दलचं तुमचं खरंही कुणी ऐकत नाही. मुलीची पोटगी तर तुमच्या कमाईवर अवलंबूनच नाही, ती तिच्या स्वतःच्या नावानं मागा.

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं पोटगीबद्दल एक निकाल दिला, आज देशभर तो लागू आहे. त्याचं मूळ आपल्या नागपूरचं. इथल्या कौटुंबिक न्यायालयात एका बाईनं २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली, २०१५ मध्ये आदेश झाला, नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथून दिल्लीला. त्या निकालानं दोन गोष्टी ठरल्या. एक, नवरा आणि बायको दोघांनीही मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं ठराविक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं. दोन, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आदेश दोन वर्षांनी झाला तरी मधले महिने बुडत नाहीत.

तुमची लढाई त्या शपथपत्रावर आहे. त्याचं शपथपत्र वाचायला बसाल तेव्हा शेजारी कोरी वही ठेवा. गाड्यांचे नंबर तुम्हाला पाठ असतील. आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून कुणाचं नाव आहे, विमा कोण भरतो, गाडीच्या कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो? भावाच्या नावावरच्या गाडीचा हप्ता जर ‘नऊ हजारवाल्या ड्रायव्हर’च्या खात्यातून कटत असेल, तर पुढं फार बोलावं लागत नाही. मार्केटमधले भाड्याचे पैसे आता फोनवर येतात, तेव्हा बँकेचा उतारा मागवा असा अर्ज वकिलांना द्यायला सांगा. मुलीच्या शाळेची फी आजवर कुणी भरली त्या पावत्या काढून ठेवा. त्याच्या मोबाइलचा पासवर्ड चोरून काही काढू नका, नसती भानगड मागं लागते.

अर्ज कशाखाली? फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ सगळ्यांच्या तोंडात बसलंय. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. आशय तोच. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं त्यात लिहिलंय. ‘शक्यतो’ या शब्दाचा अर्थ नागपुरात मी तुम्हाला सांगायला नको. नवरा-बायकोत ‘पगाराचा तिसरा हिस्सा’ असं एक गणित फिरतं. कायद्यात असा ठरलेला हिस्सा नाही.

आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत द्या. ‘आज देईल, उद्या देईल’ करत अठरा महिने काढले तर जुन्या महिन्यांची वसुली या कलमाखाली अडते. वसुलीच्या वॉरंटनंतरही भरलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. बहुतेकांना पैसे त्या वॉरंटाच्या दिवशीच सापडतात.

प्रश्न : काटोलजवळ आमची साडेपाच एकर संत्र्याची बाग आहे. बाबा २००३ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आई आहे, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. सात-बाऱ्यावर आई आणि भावाचंच नाव. भावाला कर्ज काढायचंय म्हणून तो हक्कसोड मागतो. म्हणतो, तुझं लग्न ९१ चं, ९४ च्या आधीच्या मुलींना तसाही हक्क नाही. नाही म्हटलं तर भाऊबीज बंद होईल अशी भीती वाटते. (त्रिमूर्तीनगर)

भाऊ अर्धवट वाचलेला आहे. ९४ चं तो म्हणतो ते अगदी हवेतलं नाही : महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. पुढं ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि ती लग्नाची अट गेली. तरीही ‘वडील २००५ ला हयात होते का’ यावर पंधरा वर्षं वाद चालले. ते ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं मिटवले : मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा जिवंत असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती मात्र उकरता येत नाही. तुमच्या पत्रात वाटणीचा उल्लेख नाही, तेव्हा झालेली नसावी असं धरते.

आता बाग बाबांची स्वकष्टाची होती की आजोबांकडून आलेली? पत्रावरून कळत नाही. पण तुमच्या घरात त्यानं फरक पडत नाही. स्वकष्टाची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ, तुम्ही आणि बहीण असे चार समान हिस्से. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर आधी बाबा, आई आणि तुम्ही तीन भावंडं असे पाच हिस्से मानायचे आणि बाबांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत वाटायचा. पाचवा अधिक विसावा, झाला चौथाच. साडेपाच एकरांचा चौथा म्हणजे एक एकर पंधरा गुंठे. सात-बाऱ्यावर हेक्टर-आर असतात, तेव्हा तिथं हा आकडा वेगळा दिसेल.

सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, हेही खोटं. ती नोंद सरकारच्या महसुलासाठी असते, तिनं मालकी ना जन्मते ना मरते. मात्र वारसान फेरफार घेताना तुमचं नाव का गाळलं, हे विचाराच. त्या फेरफाराची नक्कल काढा आणि वारसांच्या यादीत काय लिहून दिलं होतं ते बघा. एवढी वर्षं तुम्ही काही मागितलं नाही म्हणून भाऊ एकटा मालक होत नाही. एका वारसाचा ताबा बाकी वारसांच्या वतीनंही धरला जातो, त्यानं तुमचा हक्क उघडपणे नाकारून वहिवाट केलेली नसेल तर. आता तो तोंडी नाकारतोय, तेव्हा ढिलाई नको.

पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मी वाचला. टायपिंगवाल्याचा तयार नमुना दिसतो, एका जागी ‘लिहून देणारा’ तसंच राहिलंय. त्यात तुम्ही ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला’ हक्क सोडताय. भाऊबीज बंद होईल या भीतीनं पत्र लिहिणारी बाई दडपणाशिवाय सही करतेय, असं मला तरी म्हणवत नाही. हा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो : फोटो, अंगठे, साक्षीदार. नोंदवला नाही तर कुचकामी, आणि एकदा नोंदवला की मागं घेणं महाकठीण. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांत.

सोडायचंच असेल तर खुशाल सोडा. आईला तो सांभाळतो, बागेला पाणी नव्हतं तेव्हा टँकर त्यानं आणले, असं तुम्हीच लिहिलंय, आणि अशा भावाला हिस्सा देणारी बहीण मूर्ख असते असं मी अजिबात मानत नाही. पण ‘तुला हक्कच नाही’ या खोट्यावर सही नको. आधी त्याला तुमचा चौथा हिस्सा तोंडानं मान्य करू दे. मग अर्धा सोडा, पूर्ण सोडा, मोबदला घेऊन सोडा आणि तो आकडा दस्तात लिहा. किंवा सोडूच नका. चौघांची नावं लावून तहसीलदारांकडं महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटप करून घ्या, भाऊ त्याच्या हिश्श्यावर कर्ज काढेल. आईचा हिस्सा आईचाच, त्याचा सौदा तुम्ही भावंडांनी आपसात करू नये. बहिणीशी बोलून घ्या; तिनं वेगळं ठरवलं तरी चालतं, दोघींनी एकच करायला हवं असं काही नाही.

प्रश्न : आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं विहारात झालं. सप्तपदी नाही, अग्नी नाही. पासपोर्टच्या कामात एकानं सांगितलं की हे लग्न कायद्यात बसत नाही. (इंदोरा)

ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथं हे कुणी सांगावं! हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचं नाव स्पष्ट आहे, आणि कलम ७ म्हणतं की लग्न दोघांपैकी कुणाच्याही रूढ विधींनी लागू शकतं. सप्तपदी सक्तीची ती ज्यांच्या विधीत आहे त्यांना. तुमचं लग्न वैध आहे.

नोंदणी केलेली नसेल तर महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात करून घ्या. पत्रिका, लग्नातले फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्यांची सही. भंतेजी किंवा बौद्धाचार्य नागपुरातच असतील तोवर ती सही घ्या, नंतर शोधत फिरावं लागतं. उलट बाजूही सांगते : विधी न करताच नुसतं प्रमाणपत्र काढून ठेवलं तर त्यानं लग्न होत नाही, असं २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. विधीच नको असतील त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे, तीस दिवसांच्या नोटिशीचा.

प्रश्न : माझं वय ७४. पत्नी गेल्यावर नंदनवनचा फ्लॅट मुलाला बक्षीसपत्रानं दिला. आता तो म्हणतो गावी जाऊन राहा. सून म्हणते, मला काढायला गेलात तर मी कोर्टात जाईन. फ्लॅट परत मिळेल का? (नंदनवन)

काकाजी, पिनांसकट आलेलं बक्षीसपत्र तुमचंच. सगळी पानं वाचली. ‘मुलाने माझा सांभाळ करावा’ हे वाक्य कुठंही नाही आणि अडचण नेमकी तिथं आहे.

पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं प्रेमानं दिलं असेल तर कलम लागत नाही. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयानं कायदा वृद्धांच्या बाजूनं उदारपणे वाचा असं सांगितलं. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलानं आईला सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. तेव्हा घर पालथं घाला. त्या दिवसांतली चिठ्ठी, मुलाचा एखादा संदेश, सोसायटीला दिलेलं पत्र, ‘बाबा आमच्याजवळच राहतील’ असं काहीही लिहिलेलं सापडलं तर माझ्या मते तुमची बाजू बरीच सावरेल. काहीच सापडलं नाही तरी अर्ज कराच, मात्र फ्लॅटची खात्री मी देणार नाही.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा. त्यातच मुलाकडून निर्वाह भत्ताही मागा. कायद्यात कमाल महिना दहा हजार आहे. सुनेचं म्हणाल तर तिची धमकी अगदीच पोकळ नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क असू शकतो, आणि ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून तो सरसकट बुडवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. म्हणून अर्जात ‘सुनेला काढा’पेक्षा ‘मला माझ्या खोलीत राहू द्या, खर्च द्या’ हे आधी मागा. ते लवकर मिळण्याजोगं आहे. आणि काही झालं तरी घराबाहेर पडू नका. चार दिवस गावी म्हणून निघालेल्या माणसाच्या कुलपाची किल्ली परत आल्यावर लागत नाही, हे मी फार जवळून पाहते. अंगावर आले तर ११२, एरवी मार्गदर्शनाला ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

बाकीच्या काकाजींनी मात्र लक्षात घ्या : जिवंतपणी बक्षीसपत्र कशाला? मृत्युपत्र करा. ते हवं तेव्हा बदलता येतं.

प्रश्न : पोटगी दर महिन्याला भरतो, पण सहा वर्षांची मुलगी भेटू देत नाहीत. पोटगी थांबवली तर ताळ्यावर येतील का? आणि सात वर्षं झाली की मूल बापाचं, हे खरं का? (वाडी)

पोटगी थांबवू नका, दादा. त्यानं वॉरंट तुमच्याच दारी येईल. भेटू देत नाहीत म्हणून पोटगी अडवायची किंवा पोटगी येत नाही म्हणून भेट अडवायची, दोन्ही कोर्टाला चालत नाही. पोरीच्या दुधाची आणि बापाच्या भेटीची अशी अदलाबदल होत नसते.

सात वर्षांचं गणित तुमच्या कायद्यात नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं एवढं १९५६ च्या कायद्यात आहे. त्यानंतरही ते आपोआप बापाकडं जात नाही. मुलाचं हित कशात, हा एकच प्रश्न उरतो. कौटुंबिक न्यायालयात भेटीसाठी अंतरिम अर्ज करा आणि तो नेमका लिहा : कोणता वार, किती वाजता, कुठं, फोन कधी, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी निम्मी कशी. ‘मुलीला भेटू द्यावे’ एवढंच लिहिलं की आदेशही तितकाच मोघम येतो. सुरुवातीला कोर्टाच्या आवारात तास-दोन तास भेट देतील. तिथं मुलीला ‘आई काय म्हणते’ विचारत बसू नका आणि तिचं बोलणं रेकॉर्ड तर मुळीच करू नका. एक बाप भेटीला लुडो घेऊन यायचा. समुपदेशकांच्या अहवालात त्या लुडोचा उल्लेख आला आणि पुढच्या आदेशात मुक्काम मिळाला.

प्रश्न : वकील लागतोच का? माझ्याकडं फीचे पैसे नाहीत. (कामठी)

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथं वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता येतं. व्यवहारात ही परवानगी मिळते. पैशांचं म्हणाल तर बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा तर १५१००. प्रकरण दाखल झालं की सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची पेशी कधी आणि मागच्या पेशीला काय झालं ते तुमचं तुम्हाला दिसतं, वकिलाच्या मुन्शीला फोन लावत बसावं लागत नाही.